तासातासाचे थेंब

आभाळ सकाळी भरून यायचं, दुपारी पांगायचं आणि दिवस कलला की पुन्हा गढूळ व्हायचं. गव्हाच्या मळणीच्या दिवसांत असं आभाळ म्हणजे सगळ्यांच्याच जिवाला घोर. कापलेल्या पेंढ्या शिवारभर रचून पडल्या होत्या आणि गावात मळणीचं मशीन एकच. ज्याचं ते मशीन, त्याला सगळे मशीनवालाच म्हणत. तो ट्रॅक्टरवर बसे, पट्ट्यावर नजर ठेवी. आणि मशीनच्या तोंडात पेंढ्या लावायचं काम त्याची बायको करी.

हे काम खरं तर गड्याचं. पण गेल्या हंगामात गडी ऐन वेळी सोडून गेला, तेव्हा ती पदराला गाठ मारावी तशी डोक्याला फडकं बांधून मशीनसमोर उभी राहिली आणि मग तिथलीच झाली. पेंढी सोडायची, हातावर पसरायची, ओंब्या पुढं करून ड्रमच्या तोंडाशी न्यायची आणि मशीननं ओढायच्या आत हात मागं घ्यायचा. जास्त लावलं तर मशीन गुदमरतं, कमी लावलं तर डिझेल फुकट जळतं. तिचा हात असा बसला होता, की लोक म्हणायचे, मशीनवाल्याचं मशीन बायकोच्या हातानं जेवतं. ती वरवर हसण्यावारी न्यायची, पण आतून तिला ते फार गोड लागायचं.

घरात ती धाकटी. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ, मशीनवाल्याच्या वारलेल्या भावाची बायको. स्वयंपाक, गुरं आणि म्हातारी सासू असं सगळं थोरलीकडं. दोघींचं भांडण रोजचं, आणि एकमेकींवाचून पानही हलायचं नाही.

त्या दिवशी वारं एकदम फिरलं. भुसा मागं उडायचा तो सरळ तोंडावर आला. धाकटीच्या उजव्या डोळ्यात काहीतरी सुईसारखं टोचलं. हातात पेंढी होती. तिनं ती लावली, दुसरी उचलली आणि खांद्यानंच डोळा चोळला. मशीन थांबवण्याएवढं त्यात काय होतं? मळणीत डोळ्यात कुसळ जायचंच.

संध्याकाळी थोरलीनं तिला दारातल्या उजेडात बसवलं, पापणी उलटी केली आणि ओल्या कापडाच्या टोकानं गव्हाचं बारीक कुसळ काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे बघ. एवढ्याशाकरता एवढं नाचवलंस."

"अजून खुपतंय."

"खुपणारच. काटा निघाला तरी पाय दुखतो की नाही? झोप आता."

सकाळी डोळा उघडेना. पापण्या चिकटल्या होत्या. कोमट पाण्यानं पुसून उघडला, तर दारातून येणारा उजेड आतपर्यंत भोसकत गेला. डोळा लालभडक झाला होता आणि पाणी थांबत नव्हतं. बाहेर नवरा ट्रॅक्टर सुरू करत होता. कालव्यापलीकडच्या गावात एक मोठं मशीन आलंय, ते गिऱ्हाईक शोधत फिरतंय, हे त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं. रात्री तो अर्ध्या ताटावरून उठला होता.

"त्यांना सांगते, आज राहू दे म्हणून," थोरली म्हणाली.

"काही सांगू नका. आज-उद्या बांधावरचा गहू आहे, परवा तळ्यावरच्या म्हाताऱ्याचा. तो माणूस कसा आहे ठाऊक आहे ना? एक दिवस चुकला, तर पलीकडचं मशीन आणून उभं करेल."

थोरलीनं जरा विचार केला. मग आत गेली. सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्या वेळच्या थेंबांची बाटली म्हातारीच्या उशाशी असायची. डोळा केव्हाच बरा झाला होता, पण बाटली काही ती टाकू देत नव्हती. म्हातारी बाहेर शेणी थापत बसली होती. थोरलीनं बाटली ओच्यात लपवून आणली.

"आईंचा डोळा असाच लाल झाला होता. ह्या थेंबांनी बघता बघता उतरला. मान वर कर."

थेंब गार होता. दुपारपर्यंत खुपणं कमी झालं, संध्याकाळी लाली निम्म्यावर आली. थोरलीला कोण आनंद झाला. "बघ, डॉक्टरीण होते की नाही मी?" असं म्हणून तिनं झोपताना पुन्हा थेंब घातले, सकाळी पुन्हा. म्हातारीला पत्ता नाही, नवऱ्याला पत्ता नाही. डोळा पांढरा दिसत होता. पण धाकटीच्या एक गोष्ट ध्यानात आली होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. डावा डोळा मिटला, की समोरचं सगळं दुधाच्या भांड्यातून बघितल्यासारखं दिसत होतं.

तळ्यावरच्याकडं निघायच्या सकाळी थोरलीनं थेंब घालायला पापणी वर धरली आणि तशीच थांबली.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग थांबलात का?"

"बुबुळावर काहीतरी पांढरं दिसतंय. तांदळाच्या कणीएवढं. भुसाच असेल." तिनं कापडाचं टोक लावून बघितलं. ते पांढरं हललं नाही. थोरलीचा आवाज बदलला होता, आणि धाकटीनं तो ओळखला.

"आजचं शेत होऊ दे," धाकटी म्हणाली. "उद्या जाऊ तालुक्याला. आज कुणाला काही बोलू नका."

थोरलीनं कापड बाजूला ठेवलं. थेंब मात्र घातले.

तळ्यावरचा म्हणजे वाळलेल्या लाकडासारखा म्हातारा. तळ्याकाठचं सगळं रान त्याचं. मशीन उभं राहायच्या आधीच तो पेंढ्यांच्या गंजीला टेकून आभाळाकडं बघत होता.

"दुपारच्या आत निम्मं तरी उरकलं पाहिजे," तो मशीनवाल्याला म्हणाला. "नाहीतर मला दुसरी सोय बघावी लागेल. आधीच सांगून ठेवतो, मागनं तोंड वाईट नको."

"उरकतो," मशीनवाला म्हणाला आणि पट्टा चढवला.

धाकटीनं फडकं उजव्या डोळ्यावरून खाली ओढून घेतलं होतं. उजेडच नको होता. एका डोळ्यानं काम करायला लागली आणि तिला कळलं, की हात पूर्वीसारखा चालत नाही. ड्रमचं तोंड जिथं वाटत होतं तिथं नव्हतं. कधी पेंढी अलीकडंच टेकायची, कधी वाटलं त्याच्या आधीच मशीन ती हिसकून न्यायचं. तिनं अंदाज बांधायला सुरुवात केली. पत्र्याची कड पोटाला लागली की थांबायचं, मग पुढं नुसतं ढकलायचं. घामाच्या धारा फडक्याखालून डोळ्यात जात होत्या आणि कपाळापासून कानापर्यंत एकच ठणका लागला होता. त्या दिवशी हट्टानं बरोबर आलेली थोरली मागं पोत्यांची तोंडं धरून होती. तिची नजर पोत्यावर नव्हती, धाकटीच्या कोपरांवर होती.

वरून एक गार झुळूक आली. तळ्यावरचा ओरडला, "जरा हात उचला की!"

धाकटीनं मोठी पेंढी घेतली. पत्र्याची कड लागायच्या आधीच ती पुढं झुकली. मशीननं पेंढी ओढली आणि पेंढीबरोबर तिच्या झंपरावर घातलेल्या जुन्या सदऱ्याची बाहीही ओढली. तिला पहिल्यांदा समजलंच नाही. हात आपोआप पुढं चालला होता. मग मागून थोरलीनं तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ट्रॅक्टरच्याही वर गेला. मशीनवाल्यानं लोखंडी दांडा घालून पट्टा उडवला. ड्रम फिरत राहिला, मंद होत गेला. बाही खांद्यापासून फाटून आत गेली. हात बाहेर राहिला. बोटांपासून मनगटापर्यंत सोललं होतं, पण बोटं सगळी जागेवर होती.

मशीनवाला तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मग त्यानं तिच्या डोक्यावरचं फडकं मागं सारलं. बहुधा तिला एक ठेवून द्यायचीच त्याच्या मनात होती. पण डोळा बघून त्याचा हात खाली आला.

"हे काय आहे?"

"कुसळ गेलं होतं."

"कधी?"

तिनं फडकं पुन्हा डोळ्यावर ओढलं.

"मशीन का थांबलं?" तळ्यावरच्यानं विचारलं.

मशीनवाल्यानं एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा उरलेल्या गंजीकडं. तेवढा एक क्षण धाकटीनं नीट पाहिला. मग तो म्हणाला, "वहिनी, दुधाची गाडी जाईल आत्ता. तिला घेऊन तालुक्याला जा. मी ह्यांचा एक माणूस लावतो पेंढ्यांना आणि उरकून येतो."

दुधाच्या गाडीत कॅनांच्या मधे दोघी बसल्या. गाडी खड्ड्यात आदळली, की धाकटीच्या डोळ्यात कळ उठायची. तो आपल्याबरोबर आला नाही, हे तिला डोळ्याहून जास्त दुखत होतं. थोरलीनं तिच्या सोललेल्या हाताला आपलं फडकं गुंडाळलं. धाकटीनं बांधू दिलं, पण तिच्याकडं बघितलं नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात फरशी इतकी स्वच्छ होती, की दोघींचे पाय दारातच अडले. कंपाउंडरनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भुसा बाहेर झटकून या. इथं ऑपरेशनवाली माणसं बसलीत."

बाहेर पायरीवर उभं राहून त्यांनी एकमेकींच्या पाठी झटकल्या. येणारी-जाणारी माणसं बघत होती. थोरली धाकटीच्या केसांतला भुसा वेचत राहिली, तो काही संपेना.

डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी धाकटीची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि उजेडाची बारीक पट्टी डोळ्यावर सोडली. धाकटीनं दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं. बाईंनी बराच वेळ बघितलं. मग डोळ्यात हिरवट पाणी घालून पुन्हा बघितलं.

"बुबुळावर जखम आहे. चांगली खोल. आणि आत खालच्या बाजूला पू साठायला लागलाय. काय लागलं होतं?"

"गव्हाचं कुसळ."

"त्यानंतर डोळ्यात काय काय घातलंत?"

धाकटीच्या मागं थोरली उभी होती.

"पाणी," धाकटी म्हणाली. "नुसतं कोमट पाणी."

"थेंब वगैरे?"

"नाही."

ती खोटं का बोलली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. थोरलीला वाचवायचं होतं हे खरं. पण पांढरं ठिकाण दिसल्यावरही आपण मशीनवर गेलो, हे त्या बाईंसमोर उघडं पडायला नको, हेही तितकंच खरं होतं.

डॉक्टरबाईंनी डोळा बधिर केला आणि बारीक पात्यानं जखमेची कड खरवडून काढली. दुखलं नाही, पण पातं डोळ्याजवळ येताना दिसत होतं आणि हलायचं नव्हतं. खरवडलेलं काचेच्या पट्टीवर पसरून त्या आतल्या खोलीत गेल्या. तिथल्या मायक्रोस्कोपमधून त्या बघत होत्या तेवढा वेळ दोघी भिंतीकडं तोंड करून बसून राहिल्या. बाई परत आल्या.

"शेतातलं काही लागलं, की मला बुरशीची धास्ती असते. बुरशी दिसत नाही. जंतू आहेत, आणि भरपूर आहेत."

"गव्हातनं आले?" धाकटीनं विचारलं.

"थोडे आले असतील. पण असे जंतू आपल्या स्वतःच्याच डोळ्यावर राहतात. पापणीच्या कडेला, आतल्या ओलीत. तुमच्या राहतात, ह्यांच्या राहतात, माझ्याही. अश्रू त्यांना धुवत असतात, बुबुळावरचं पातळ आवरण त्यांना आत जाऊ देत नाही. जन्मभर राहिले तरी ते काही करत नाहीत. कुसळानं ते आवरण फाडलं आणि त्यांना आत जायला वाट झाली." बाई थांबल्या. "पण एक मला कळत नाही. एवढे जंतू आत गेल्यावर डोळा रक्तासारखा लाल पाहिजे, तुम्ही वेदनेनं लोळायला पाहिजे होतं. तुमचा डोळा त्या मानानं पांढरा आहे. ऑपरेशननंतर देतात तसल्या काही थेंबांनी असं होतं. लाली, पाणी, दुखणं म्हणजे शरीर जंतूंशी भांडत असतं. ते थेंब भांडणच बंद पाडतात. माणसाला वाटतं बरं झालं, आणि जंतू निवांत आत खोदत बसतात. म्हणून पुन्हा विचारते. ते थेंब चालू होते का, यावर माझं पुढचं औषध ठरणार आहे."

धाकटीनं तोंड उघडलं. काय बोलणार होती कोण जाणे. त्याआधीच थोरली पुढं आली. ओच्यातून तिनं बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. ती बाटली तिनं बरोबर आणली होती, हे धाकटीला माहीतच नव्हतं.

"मी घातले," थोरली म्हणाली. "सासूबाईंचे होते. आज सकाळीपण घातले. पांढरं दिसल्यावरपण."

डॉक्टरबाईंनी बाटली उजेडात धरून वाचली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि बाटली टोपलीत टाकली.

"आता ऐका. दोन प्रकारचे थेंब देते. तासातासाला, आलटून पालटून. दिवसा आणि रात्रीसुद्धा. एकही चुकवायचा नाही. प्रत्येक वेळी साबणानं हात धुवायचे, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. माझ्याकडं खाट रिकामी नाही, नाहीतर ठेवून घेतलं असतं. परवा दाखवायला या. त्याआधी जास्त दुखलं, तर लगेच या. बुबुळाला भोक पडलं, तर डोळा राहणार नाही."

"दिसेल ना?" धाकटीनं विचारलं.

"आधी डोळा वाचवू."

परतीच्या वाटेवर पहिले थेंब थोरलीनंच घातले. रस्त्याच्या नळावर हात धुतले, एस.टी.च्या थांब्यावर धाकटीची मान मागं केली. धाकटीच्या मनात बोलणं चाललं होतं. डॉक्टरीण होते म्हणे. कुणी सांगितलं होतं शहाणपण? मग वाटायचं, मान तर मीच वर केली होती. मग पुन्हा वाटायचं, सकाळी पांढरं दिसलं तेव्हा तरी घालायला नको होते. जायचा तो डोळा माझा जाईल, हिचे दोन्ही शाबूत राहतील. अशा विचारांची तिला स्वतःलाच भीती वाटली, पण ते थांबले नाहीत.

घरी पोचल्यावर थोरलीनं काही लपवलं नाही. उंबऱ्यातच, मशीनवाला हात धूत होता आणि म्हातारी खाटेवर बसली होती, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं.

म्हातारी सुरू झाली ती थांबेना. "माझ्या उशाची बाटली चोरून? मला विचारायचं तोंड नव्हतं? सोन्यासारख्या पोरीचा डोळा घालवला हिनं. दुसऱ्याचा संसार धडपणे बघवत नाही, दुसरं काय."

"आई, तू थांब," मशीनवाला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "वहिनी, आजपासून तिच्या डोळ्याला तुम्ही हात लावायचा नाही. थेंब मी घालीन."

थोरलीनं धाकटीकडं बघितलं. धाकटीनं एका शब्दानं काही म्हटलं असतं तरी पुरलं असतं. धाकटी भिंतीकडं वळून आडवी झाली. त्या क्षणी तिला थोडं बरंच वाटलं होतं.

मशीनवाला शब्दाचा पक्का. त्यानं मोबाईलचा गजर लावला. रात्रभर उठला. त्याची बोटं ग्रीसनं काळी आणि जाड, कितीही धुतली तरी डिझेलचा वास जायचा नाही. पापणी धरताना तो इतका घाबरायचा, की थेंब निम्म्या वेळा गालावरच पडायचा, मग पुन्हा. दिवस उजाडला की तो तळ्यावरचा उरलेला गहू मळायला जायचा, तासातासाला ट्रॅक्टर सोडून सायकल मारत घरी यायचा, थेंब घालायचा आणि परत. तळ्यावरचा रोज नवीन तोंडानं त्याला ऐकवायचा. त्याचे डोळे धाकटीच्या डोळ्याहून लाल झाले होते.

थोरली ओसरीवर बसलेली असायची. चहा आणून दारात ठेवायची, आत यायची नाही. प्रत्येक वेळी गजर वाजला, की ती ओसरीवरून उठून उभी राहायची. धाकटीला तिची फक्त सावली दिसायची, तीही डाव्या डोळ्यानं.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी डोळा बघून म्हटलं, "वाढलेलं नाही. पण कमीही झालेलं नाही. थेंब वेळेवर पडतायत ना?" मशीनवाला म्हणाला, हो. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी पाऊस आला. थेंब टपोरे, मागं गडगडाट. मशीनवाला तळ्यावर धावला, पेंढ्यांवर ताडपत्री ओढायला. नखशिखांत भिजून घरी आला, थेंब घातले आणि भिंतीला टेकला, तो तिथंच झोपला. तोंड उघडं, हातात बाटली तशीच.

गजर वाजला. तो उठला नाही. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की गजर धाकटीलाही जेमतेम ऐकू आला. तिनं हाक मारली. त्यानं हुं केलं आणि मान दुसरीकडं टाकली. म्हातारीला बाटलीवरचं दिसायचं नाही आणि हात कापायचा. धाकटीनं त्याच्या मुठीतून बाटली सोडवली आणि स्वतःच घालायला गेली. डोळा आपोआप मिटला. थेंब कानात गेला. पुन्हा. सोललेल्या हाताला पकड नव्हती. बाटलीचं टोक पापणीला लागलं की नाही, तेही कळेना. डोळ्यात आत कुठंतरी ठणका वाढत होता, आणि बाईंचे शब्द सारखे आठवत होते. बुबुळाला भोक पडलं तर.

दारात ओसरीवरची सावली उठून उभी होती.

धाकटी ह्या वेळीही भिंतीकडं वळू शकली असती. नवऱ्याला हलवून जागं करता आलं असतं. तिनं बाटली पुढं केली.

"ताई," ती म्हणाली. एरवी ती जाऊबाई म्हणायची. "हात धुऊन या."

थोरली पागोळीखाली हात धरून उभी राहिली, मग साबणानं धुतले, पुन्हा धुतले, नखं नखांनी घासली. आत आली. धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं. तिची बोटं गार होती आणि अजिबात कापत नव्हती. थेंब बरोबर आत पडला.

"दुसरा केव्हा?"

"तासानं. ह्या बाटलीतला नाही, त्या."

"ठाऊक आहे. बाहेर बसून मोजतच होते."

धाकटीच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. "रडू नको," थोरली म्हणाली, "औषध वाहून जाईल."

मशीनवाला जागा झाला, तेव्हा पाऊस ओसरला होता. बायकोचं डोकं वहिनीच्या मांडीवर बघून तो ताडकन उठला. "मी सांगितलं होतं ना?"

"तुम्ही झोपला होता," धाकटी म्हणाली. "आणि डोळा माझा आहे. इथून पुढं थेंब ह्याच घालतील."

"ह्यांनीच तर—"

"हो, ह्यांनीच. आणि ह्यांनीच मला मशीनमधून ओढून काढलं. तुम्ही मोजा काय मोजायचं ते, मी मोजलंय."

तो काही बोलणार, तेवढ्यात अंगणात तळ्यावरचा आला. डोक्यावर पोतं, पाय चिखलात. आत न येताच म्हणाला, "कालव्यापलीकडचं मशीन सांगून आलोय मी. ऊन पडलं की ते येईल. तुझं मशीन माझ्या रानातून तेवढं काढून ने."

मशीनवाल्यानं मान डोलावली. म्हातारा गेल्यावर त्यानं मोबाईल उचलून पुढचा गजर लावला. मग वहिनीकडं न बघता म्हणाला, "रात्रीचे निम्मे मी घालतो. तुम्हाला झोप नको का?"

हंगाम तसाच गेला. बाकीची शेतंही कालव्यापलीकडच्या मशीननं मळली. थोरली आणि मशीनवाला पाळीपाळीनं उठत राहिले. थेंब तासावरून दोन तासांवर आले, मग चारावर. पू विरला. ठणका गेला. म्हातारी थोरलीशी बोलायची नाही, पण एक दिवस तिनं आपल्या उशाखालचं सगळं काढून, गोळ्या, मलमं, जुन्या बाटल्या, थोरलीच्या पुढ्यात ओतलं आणि म्हणाली, "हे सगळं परसात पुरून टाक."

शेवटच्या खेपेला डॉक्टरबाईंनी धाकटीचा डावा डोळा झाकला.

"किती बोटं आहेत?"

"बोटं नाही दिसत."

"मग काय दिसतं?"

धाकटीनं वेळ घेतला. धुक्यातून दिसावं तसं होतं सगळं. मधोमध एक पांढरट डाग, त्याच्या कडेनं उजेड. "तुमच्या मागं खिडकी आहे. आणि खिडकीजवळ ताई उभी आहे."

"ती तिथं आहे हे तुम्हाला आधी ठाऊक असेल."

"नाही. मी आत आले तेव्हा ती दाराशी होती."

थोरली खरोखरच खिडकीपाशी सरकली होती. तिनं चटकन तोंड बाहेर वळवलं.

"जखम भरली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण व्रण राहणार. ह्याला तुम्ही फूल पडलं म्हणता. वाचता येणार नाही ह्या डोळ्यानं, सुई ओवता येणार नाही. मशीनसमोर पुन्हा उभं राहू नका. अंतर चुकेल. पुढं बुबुळ बदलता येतं का, ते मोठ्या दवाखान्यात बघू."

"आणि ते जंतू? गेले का?"

"आत घुसलेले गेले. पापणीवरचे आहेतच. ते राहणारच, त्यांना हाकलायचंही नसतं. ते जागा धरून बसतात म्हणून बाहेरच्यांना शिरायला वाव मिळत नाही."

"म्हणजे सासरची माणसं," थोरली खिडकीजवळून म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. धाकटीही हसली, आणि हसताना उजव्या डोळ्यातून पाणी आलं, ते तिनं चोळलं नाही, नुसतं वाहू दिलं.

बाहेर मशीनवाला ट्रॅक्टर घेऊन थांबला होता. "काय म्हणाल्या?"

"मशीनसमोर उभं राहायचं नाही म्हणाल्या."

त्यानं स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले. ह्या गावात तिच्यासारखा हात दुसरा नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. मग तो सीटवरून खाली उतरला आणि बाजूच्या चाकावरच्या पत्र्यावर जाऊन बसला.

"क्लच डावीकडं आहे," तो म्हणाला. "एक डोळा पुरतो त्याला. पेंढ्या मी लावीन."

धाकटी वर चढली. थोरली मागं उभी राहिली आणि तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्या झटक्याला ट्रॅक्टर उडाला आणि बंद पडला. दवाखान्याच्या पायरीवर कंपाउंडर बघत उभा होता. तिनं पुन्हा चावी फिरवली.